संधिप्रकाशातली थरथर

भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड पडतो. अमावास्येच्या निरभ्र रात्री, वस्तीपासून दूर, तोच एका लक्सच्या हजाराव्या भागाच्या आसपास येतो. तफावत दहा कोटी पटींची झाली. छायाचित्रकार उजेड स्टॉपमध्ये मोजतात आणि एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा. त्या हिशेबाने दुपार आणि मध्यरात्र यांच्यात सव्वीस-सत्तावीस स्टॉपचे अंतर पडते. एवढा पल्ला एका एक्स्पोजरमध्ये पेलणारा सेन्सर नाही. म्हणून दिवसातून रात्रीत जाणारा टाइम-लॅप्स घेताना शटर आणि आयएसओ, क्वचित अ‍ॅपर्चरसुद्धा, वाटेतच बदलावे लागतात, आणि बदल झाला की चित्राच्या उजेडात धक्का बसण्याची शक्यता तयार होते. या धक्क्यांना आणि त्यांच्याशिवायही फ्रेमगणिक होणाऱ्या बारीक थरथरीला सगळे सरसकट फ्लिकर म्हणतात. माझ्या मते बहुतेक गोंधळ या सरसकटपणातून होतो. फ्लिकर किमान तीन वेगळ्या कारणांनी होतो: कॅमेऱ्याची यांत्रिक चूक, कॅमेऱ्याने किंवा माणसाने घेतलेला निर्णय, आणि उजेडात खरोखर झालेला बदल. तिन्हींवरचा इलाज एक नाही. त्यातही डोळ्याला सर्वांत मोठा दिसणारा फ्लिकर काढायला सर्वांत सोपा असतो आणि बारीक दिसणाराच शेवटपर्यंत छळतो.

आधी डोळ्याची बाजू पाहू. डच संशोधक डी लांगे आणि अमेरिकन संशोधक केली यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत उजेडाच्या लुकलुकीला डोळा किती प्रतिसाद देतो हे पद्धतशीर मोजले. पुरेशा उजेडात सेकंदाला साधारण दहा ते वीस वेळा होणारी लुकलुक डोळ्याला सर्वांत जास्त जाणवते आणि तिथे एक टक्क्याच्या आसपासचा फरकही लक्षात येतो. टाइम-लॅप्स अनेकदा सेकंदाला पंचवीस फ्रेमनी दाखवतात. एक फ्रेम उजळ, पुढची मंद, अशी चूक असेल तर ती लुकलुक सेकंदाला साडेबारा वेळा होते, म्हणजे नेमकी डोळ्याच्या सर्वांत हळव्या पट्ट्यात. एक टक्का म्हणजे स्टॉपचा जेमतेम सत्तरावा भाग. कॅमेऱ्याच्या चकतीची सर्वांत लहान पायरी एक तृतीयांश स्टॉपची, तिच्यात उजेड सव्वीस टक्क्यांनी बदलतो. एकेका छायाचित्रात पाच टक्क्यांची चूक कुणाच्या बापाला कळणार नाही आणि कॅमेरे मुळात अशा एकेका छायाचित्रासाठी घडवलेले आहेत. त्यांच्याकडून टाइम-लॅप्स मागतो तो काटेकोरपणा त्यांच्या मूळ कामात कधी लागतच नाही.

दुसरी बाजू आकाशाची. या विषयावरचे बरेचसे लेखन युरोप-अमेरिकेत झाले आहे आणि तिथला संधिप्रकाश लांब असतो. लंडनमध्ये जूनच्या सुमारास सूर्यास्तानंतर सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जायला पाऊण तासाच्या आसपास लागतो, आणि त्या दिवसांत पूर्ण खगोलीय रात्र तिथे होतच नाही. मुंबईच्या अक्षांशावर तेच सहा अंश बावीस ते पंचवीस मिनिटांत संपतात आणि बारा अंश पन्नासेक मिनिटांत. सूर्य क्षितिजावर असताना उघड्या माळावर पाचेकशे लक्स उजेड असतो, बारा अंश खाली गेल्यावर एका लक्सच्या शंभराव्या भागाहूनही कमी. म्हणजे पन्नास मिनिटांत सुमारे सोळा स्टॉप, तीन मिनिटांना एक. दहा सेकंदांना एक फ्रेम घेतली तर तीन मिनिटांत अठरा फ्रेम होतात, म्हणजे दर सहा फ्रेमना एक तृतीयांश स्टॉपची पायरी चढावी लागते. पंचवीस फ्रेमच्या वेगाने पाहताना प्रत्येक सेकंदाला अशा चार पायऱ्या येतात. शहरात हे उतरणे लवकर थांबते, कारण रस्त्यावरचे दिवे उजेडाला खालून आधार देतात. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर तो आधार नाही. परदेशी मार्गदर्शकांतला ‘दर पाच-सहा मिनिटांनी एक बदल’ असा हिशेब सह्याद्रीत किंवा कोकण किनाऱ्यावर जसाच्या तसा लावला तर निम्मी संध्याकाळ काळवंडलेली मिळेल.

आता यांत्रिक चुकीकडे. इथे मुख्य आरोपी अ‍ॅपर्चर. आधुनिक लेन्समधली पाती एरवी पूर्ण उघडी राहतात आणि फोटो घेण्याच्या क्षणी ठरलेल्या मापापर्यंत मिटतात. प्रत्येक वेळी ती तंतोतंत त्याच जागी थांबत नाहीत. २४ मिलिमीटरच्या लेन्सला एफ १६ वर भोकाचा व्यास फक्त दीड मिलिमीटर असतो. पाती तीन शतांश मिलिमीटरने चुकली, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, तरी व्यासात दोन टक्के आणि क्षेत्रफळात चार टक्के फरक पडतो, कारण उजेड व्यासाच्या वर्गावर ठरतो. तेवढीच चूक एफ २.८ वर झाली तर व्यास साडेआठ मिलिमीटरचा असल्याने उजेडात सातदशांश टक्क्याचा फरक पडेल आणि तो बहुधा कुणाला दिसणार नाही. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर तर पाती हलतच नाहीत. म्हणून पहिला नियम: भोक मोठे ठेवा किंवा पाती हलू देऊ नका. जुन्या, हाताने कडे फिरवायच्या लेन्सवर पाती एकदा लावली की तिथेच राहतात. सिनेमाच्या लेन्स आजही अशाच असतात. स्वयंचलित लेन्सवर काही जण अ‍ॅपर्चर मिटवणारे बटण दाबून धरतात आणि लेन्स किंचित फिरवून तिचा कॅमेऱ्याशी विद्युतसंपर्क तोडतात; पाती मिटलेल्या जागी अडकून राहतात. युक्ती कामाची आहे, पण अर्धवट बसलेली लेन्स निसटू शकते आणि फाइलमध्ये अ‍ॅपर्चरची नोंद राहत नाही. काही मिररलेस कॅमेरे दोन फ्रेमच्या मध्ये पाती मिटलेलीच ठेवतात, काही पुन्हा उघडतात; आपला कॅमेरा काय करतो ते लेन्समध्ये समोरून पाहिले की कळते.

ही चूक फार जुनी नाही, हेही सांगायला हवे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करायच्या खटपटीत, वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा ‘अंकुराची वाढ’ हा छोटा पट केला. त्या काळच्या चित्रपट कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर हाताने लावले की तसेच राहायचे. फ्रेमगणिक उघडमीट करणारी पाती पुढे एसएलआर कॅमेऱ्यांत आली, व्ह्यूफाइंडरमधून उजळ चित्र दिसावे म्हणून. छायाचित्रकाराची सोय तीच टाइम-लॅप्सवाल्याची डोकेदुखी झाली.

शटरचे गणितही तसेच आहे, फक्त उलट टोकाला. १/४००० सेकंदाचे एक्स्पोजर म्हणजे अडीचशे मायक्रोसेकंद. पडद्याच्या हालचालीत दहा मायक्रोसेकंदांचा फरक झाला की चार टक्के गेले. १/५० वर तीच चूक नगण्य. यात एक पेच आहे. भोक मोठे ठेवले तर उन्हात शटर जलद ठेवावे लागते, शटर संथ ठेवले तर भोक लहान करावे लागते. एक चूक टाळायला जाल तर दुसरी गळ्यात पडते. सुटका लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणाऱ्या एनडी फिल्टरने होते, आणि त्याचा दुसरा फायदा याहून मोठा वाटतो: संथ शटरमुळे दिवसाही माणसे आणि वाहने थोडी ओघळलेली दिसतात, म्हणजे रात्री सोळा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये दिव्यांच्या रेषा उमटू लागल्या की हालचालीचा पोत एकाएकी बदलल्यासारखा वाटत नाही. फिल्टर वाटेत काढायचा नाही, हे मात्र आधीच ठरवावे. तेवढ्याने ट्रायपॉड हलतो.

ऑटो व्हाइट बॅलन्स, ऑटो आयएसओ, सावल्या आपोआप उजळणारे पर्याय हे सगळे बंद करायचे, त्यावर जास्त बोलण्यासारखे नाही. एसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाकायचा, कारण मागून टॉर्चचा उजेड आत शिरला की मीटर फसतो. कृत्रिम दिव्यांचीही भीती जरा जास्तच घातली जाते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात हे खरे, पण दिव्यांचा उजेड चित्रात महत्त्वाचा होईपर्यंत शटर १/५० च्या खाली आलेले असते आणि ही लुकलुक त्यात विरून जाते. त्रास देतात ते एलईडीचे जाहिरातफलक, त्यांची लुकलुक विजेच्या तालाशी बांधलेली नसते.

खरा वाद सुरू होतो तो कॅमेऱ्याला वाटेत कसे बदलायचे इथून. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी: दर फ्रेमला कॅमेरा उजेड मोजतो आणि शटर ठरवतो. याचा दोष तो पायऱ्या घेतो हा नाही. दोष तो पायऱ्या कशामुळे घेतो हा आहे. चौकटीत ट्रकचे दिवे आले की तो शटर जलद करतो, पांढरा ढग सरकला की परत मागे येतो. काही कॅमेऱ्यांत यावर उपाय म्हणून आधीच्या फ्रेमशी मेळ राखणारी सोय आहे, निकॉन तिला एक्स्पोजर स्मूदिंग म्हणते, आणि ती बऱ्यापैकी काम करते. दुसरा मार्ग बल्ब रॅम्पिंगचा. बाहेरचा नियंत्रक शटर बल्बवर धरून प्रत्येक फ्रेम आधीच्यापेक्षा किंचित जास्त वेळ उघडी ठेवतो, त्यामुळे पायऱ्याच उरत नाहीत. कॅननच्या कॅमेऱ्यांसाठीच्या मॅजिक लँटर्न या पर्यायी फर्मवेअरमध्येही ही सोय होती. तिसऱ्या मार्गात मीटरला बाजूला ठेवून माणूस किंवा प्रोग्राम एक तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी शटर आणि मग आयएसओ बदलतो, आणि धक्के नंतर संगणकावर काढतो. टाइम-लॅप्सवाले ज्याला होली ग्रेल म्हणतात ती पद्धत हीच; जर्मनीच्या गुंथर वेग्नर यांच्या एलआरटाइमलॅप्स या प्रोग्राममुळे ती जगभर पसरली. शटर १/५०० पासून १६ सेकंदांपर्यंत नेले की तेरा स्टॉप, आयएसओ १०० पासून ३२०० पर्यंत नेले की पाच, मिळून अठरा; सूर्यास्तापासून काळोखापर्यंत बहुतेक वेळा पुरतात.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तिसरा मार्ग उलटा वाटतो. बल्ब रॅम्पिंगमध्ये धक्काच नसताना सव्वीस टक्क्यांचे धक्के मुद्दाम कशाला द्यायचे? उत्तर नोंदीत आहे. रॉ फाइलमधले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात असतात. चारशेबाराव्या फ्रेमला आयएसओ एक तृतीयांश स्टॉपने वाढले अशी नोंद फाइलमध्येच असेल, तर त्या फ्रेमपासून पुढचे आकडे तेवढ्याच पटीने खाली आणता येतात आणि ती दुरुस्ती पुढच्या पायरीपर्यंत हळूहळू सोडता येते. करवतीच्या दातांसारखा आलेख सरळ उताराचा होतो आणि नॉइजमधला अगदी किरकोळ फरक सोडला तर पायरीचा मागमूस उरत नाही. याउलट पात्यांनी चार टक्क्यांची चूक केली तर तिची नोंद कुठेच होत नाही. ती फक्त चित्र पाहून ओळखावी लागते, आणि चित्राचा उजेड ढगांनी, गाड्यांनी, लाटांवरच्या चमकीनेही बदलत असतो. किराणा दुकानाचा काटा दर वेळी पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल तर हिशेब जुळवता येतो. दर वेळी वेगळेच दाखवत असेल तर मोठा दुकानदारही हात टेकतो. बल्ब रॅम्पिंगचा दोष हाच: बाहेरून उघडमीट केलेले शटर ठरल्यापेक्षा काही मिलिसेकंद पुढेमागे होते, छोट्या एक्स्पोजरमध्ये तेवढ्याने थरथर येते आणि फाइलमधली वेळेची नोंद तिचा माग काढण्याइतकी बारीक नसते. शिवाय त्याचा वेग आधी ठरवावा लागतो. पश्चिमेला अचानक ढग आले तर बेत फसतो. पायऱ्या बदलता येणे ज्या काळात अवघड होते त्या काळचा तो चांगला उपाय होता. आज त्याची गरज उरली आहे असे वाटत नाही.

नोंदीवर विसंबतानाही एक खाचखळगा आहे. कॅमेऱ्यावर लिहिलेले आकडे गोल केलेले असतात. १५ सेकंद लिहिलेले असते तिथे बहुतेक कॅमेऱ्यांत शटर १६ सेकंद उघडे राहते, ३० च्या जागी ३२, कारण प्रत्येक पायरी दुपटीच्या गणितावर बेतलेली असते. प्रोग्रामने १५ हा आकडा खरा मानला तर त्या फ्रेमला साडेसहा टक्क्यांची चूक चिकटते, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेच्या सहापट. म्हणून नोंदीवरून केलेल्या दुरुस्तीनंतरही चित्रावरून बेतलेला डीफ्लिकरचा, म्हणजे प्रोग्रामने थरथर काढण्याचा, एक हात फिरवावा लागतो, पण तेव्हा त्याच्यावर काम थोडे उरलेले असते. आणखी एक व्यावहारिक परिणाम: दोन फ्रेममधले अंतर ३० सेकंद ठेवून ३० सेकंदांचे शटर लावले की कॅमेरा दर वेळी मागे पडतो आणि फ्रेम गळतात.

यावर हमखास आक्षेप येतो की एवढा खटाटोप कशाला, डीफ्लिकर करणारे प्रोग्राम आता इतके चांगले झाले आहेत की काहीही घ्यावे आणि नंतर सरळ करावे. डाविंची रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीत ही सोय आहे, फ्लिकर फ्री आणि जीबीडीफ्लिकरसारखी जोडसाधनेही आहेत. सगळ्यांचा गाभा साधारण एकच: प्रत्येक फ्रेमचा उजेड मोजायचा, शेजारच्या फ्रेमच्या सरासरीशी ताडायचा आणि फरक भरून काढायचा. किरकोळ थरथरीवर हे उत्तम चालते. पण प्रोग्रामला कॅमेऱ्याची चूक आणि निसर्गातला बदल यांतला फरक कळत नाही. मोजण्यासाठी निवडलेल्या भागातून ढग गेला तर प्रोग्राम तो ढग भरून काढायला डोंगराला उजळवतो. म्हणून मोजण्याचा भाग स्थिर हवा, एखादी भिंत किंवा खडक, आणि त्यात दिवे नकोत. रात्रीच्या मरीन ड्राइव्हच्या चौकटीत असा कोपरा शोधणे सोपे नाही. शिवाय जे पांढरेफटक जळून गेले ते कोणताही प्रोग्राम परत आणत नाही, आणि एलईडीमुळे चौकटीवर आडवे पट्टे पडले असतील तर सगळी चौकट एकाच पटीने उजळ-मंद करून ते जात नाहीत.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि मला तो जास्त वजनदार वाटतो: ढगाआड सूर्य गेला-आला तर उजेड खरोखर बदलला, तो गुळगुळीत करणे म्हणजे खोटे चित्र दाखवणे नाही का? पावसाळा सरताना सह्याद्रीवर ऊन-सावलीचा खेळ चालतो, तो सपाट केला तर ती संध्याकाळ मेली. इथे मात्र भेद करायला हवा. दहा सेकंदांना एक फ्रेम घेताना वीस सेकंदांत सरकणारी सावली दोनच फ्रेममध्ये येते आणि पडद्यावर ती सावली न वाटता झटका वाटतो. हा झटका नमुने विरळ घेतल्याचा परिणाम आहे; डोळ्यांनी पाहणाऱ्याला सावली सरकताना दिसली असती. म्हणून त्यावरचा इलाज प्रोग्राममध्ये नाही. फ्रेममधले अंतर तीन-चार सेकंदांवर आणले किंवा एनडी लावून एक्स्पोजर लांबवले तर तीच सावली पुन्हा सावलीसारखी सरकते. रस्त्यावरचे दिवे एकदम लागतात तो धक्का मात्र खराच आहे, त्याला हात लावू नये.

फोनवर एक बटण दाबले की टाइम-लॅप्स तयार होतो, हा तिसरा आक्षेप बरेच जण घेतात. बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर हलत नाही आणि शटर इलेक्ट्रॉनिक असते, त्यामुळे यांत्रिक थरथरीचे मूळच नाहीसे होते. खिडकीतून सूर्यास्त टिपायला ते पुरेसे आहे. अडचण एवढीच की फोन निर्णय घेतो आणि नोंद ठेवत नाही. हाती येतो तो तयार व्हिडिओ. त्यात चुकले तर दुरुस्तीला जागा नाही.

रात्रीचा शेवट किती उजळ ठेवायचा हा प्रश्न तंत्राचा कमी आणि नजरेचा जास्त. प्रत्येक फ्रेम सारखीच उजळ आली पाहिजे असा हट्ट धरला तर मध्यरात्रीचे आकाश दुपारसारखे दिसते आणि नॉइज वाढतो. वक्र हळूच खाली उतरू द्यावा, शेवटची फ्रेम पहिलीपेक्षा एक-दीड स्टॉप काळी राहिली तर चालते. माणूस संध्याकाळ तशीच पाहतो.

थोड्या पैशांत हे करायचे असेल तर क्रम असा लावा: हाताने फिरवायची जुनी लेन्स, एक एनडी फिल्टर, रॉ फाइल, बंद केलेली स्वयंचलित साधने आणि एक तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्या. एवढे असले की बहुतेक थरथर मुळातच उरत नाही. डीफ्लिकरच्या प्रोग्रामवर पैसे शेवटी खर्च करा, आणि तोही विकत घेण्याआधी त्याच्या चाचणी-आवृत्तीवर आपलीच एक संध्याकाळ चालवून पाहा.